राजा मेला त्या महिन्यातला तारा

बसंतीबाई उमरखेडहून आली ती अट घेऊनच. अजून पाय धुतले नव्हते, हातातली पिशवी खाली ठेवली नव्हती, आणि अंगणातल्या बाजेवर बसलेल्या रामधनला, म्हणजे आपल्या चुलत दिराला, तिनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"देवसिंगाचं नाव आधी येत असंल तं बसीन मी. नाई तं तुमच्या घरचं पानी बी नोको मले."

"आधी पाय तं धू, वयनी."

"पाय बी नाई धूत."

रामधननं मान खाली घातली. एवढ्या वर्षांनी माणसं दारात आली होती, आणि दारातच अडली होती. त्याची लेक ममता पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली होती, ती तशीच उभी राहिली. बसंतीबाईचा मुलगा बादल जीप लिंबाखाली लावायच्या निमित्तानं जो रेंगाळला, तो आईचं बोलणं संपेपर्यंत काही आला नाही. पन्नाशीचा माणूस, पण आईसमोर त्याची अजून पाचावर धारण बसायची.

भांडण नावाचं होतं, आणि नावापेक्षाही क्रमाचं. दिवाळीच्या अमावास्येला या घरात चुलीतले निखारे बाहेर काढून त्यांवर लापशीचे आणि तुपाचे घास सोडत आणि गेलेल्या पूर्वजांची नावं मोठ्यानं घेत. तांड्यात याला धबुकार म्हणतात. नावं घ्यायची ती वयाच्या क्रमानं, आणि थोरल्याच्या वंशातल्यानं पहिला घास सोडायचा. थावरा नायकापर्यंत सगळं सुरळीत होतं. घोडं अडायचं ते त्याच्या दोन मुलांपाशी. थोरल्या बायकोचा धावजी आणि धाकटीचा देवसिंग. दोघंही शेपटीचा तारा दिसला त्या महिन्यात जन्मले, यावर दोन्ही घरांचं एकमत होतं. पण त्या महिन्यात आधी कोण?

थोरली तांड्यातच बाळंत झाली होती. धाकटी पैनगंगेपलीकडे माहेरच्या तांड्यात गेली होती. आईबापाच्या आजारपणानं ती तिकडेच अडकली आणि परत आली तेव्हा देवसिंग अंगणात धावत होता. मग मोजायचं कोणी आणि कसं? थोरल्या बायकोचा म्हणून धावजी थोरला ठरला, आणि ते तसंच चालत राहिलं. धावजी-देवसिंग होते तोवर या गोष्टीवर हसत. पुढे देवसिंगाचा मुलगा बाबाराव, म्हणजे या बसंतीबाईचा नवरा, भर धबुकारात म्हणाला की आज माझ्या बापाचं नाव आधी घ्या. धावजीचा मुलगा रामधन नाही म्हणाला. बाबारावनं हातातला घास ताटात परत टाकला, उठला, आणि वाटणी घेऊन उमरखेडकडे निघून गेला. पुन्हा आला नाही. दोन दिवाळ्यांपूर्वी तो वारला, तेव्हाही रामधन उमरखेडच्या बसस्टँडपर्यंत जाऊन माघारी फिरला होता.

आता रामधनला मायलेकांना बोलवावं लागलं, कारण त्याला मुलगा नव्हता. ममता एकटी. नावं घ्यायची ती मुलांनी, अशी रीत. रामधनच्या मागं धावजीचं नाव निखाऱ्यापाशी घेणारं कोणी उरत नव्हतं. रक्ताचा म्हणून एकटा बादल. ही म्हातारी उठून गेली की बादलही जाणार, आणि मग धावजीचं नाव रामधनबरोबरच विझणार. रामधनला याचीच धास्ती होती. आणि तरीही, 'घ्या देवसिंगाचं नाव आधी' एवढे शब्द त्याच्या तोंडातून निघत नव्हते. मरताना धावजीनं त्याच्याकडून क्रम मोडणार नाही असं वचन घेतलं होतं.

ममता पुसदच्या एका शाळेत इतिहास शिकवायची. वर्गात मुलं विचारत नाहीत ते प्रश्न स्वतःच विचारून स्वतःच शोधायची तिला खोड होती. गेले आठ-दहा दिवस तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. तारा म्हणजे धूमकेतू. धूमकेतू म्हटलं की तारीख आली. तारीख सापडली तर भांडण कशाला राहील? आपला बाप खरा ठरणार याची तिला खात्रीच होती, आणि एकदा पुरावा दिसला की काकीची अट आपोआप गळून पडेल, असा तिचा साधा हिशेब होता.

तिनं बादलला लिंबाखालीच गाठलं.

"भिया, तारा कोनता होता ते गवसलं मले. एकोणीसशे दहाचा मे महिना."

"मोबाइलवर गवसलं?"

"मंग का पोथीत? ऐक ना. काय महिना होता तो! सुरुवातीलेच लंडनमदी राजा मेला. सातवा एडवर्ड. आपल्यावर राज्य होतं ना त्याचं. अन् वर आकाशात हा तारा, पहाटे उगवतीले, शेपटी अशी लांबच लांब. धरती त्या शेपटीतून जाईन असं शास्त्रज्ञाईनं सांगितलं, तं लोक पार घाबरून गेले. शेपटीत जहरी हवा हाय म्हने. तिकडे अमेरिकेत लोकाईनं खिडक्याच्या फटीत चिंध्या कोंबल्या. अन् धूमकेतूच्या गोळ्या इकल्या बदमाशाईनं."

"कायच्या गोळ्या?"

"जहर बाधू नये म्हनून."

"अन् घेतल्या लोकाईनं?" बादलचा चेहरा खुलला. "म्हंजे तवा बी असेच होते म्हन!"

"त्याच महिन्यात तिकडे मध्य अमेरिकेत भूकंपानं एक गाव सपाट झालं. अन् महिना सरता सरता आफ्रिकेत एक नवा देश उभा राह्यला."

"अन् आपल्या तांड्यात दोन पोट्टे झाले," बादल म्हणाला. "हे नाई लिहिलं त्याच्यात?"

दोघंही हसले. लहानपणी एकाच बैलगाडीत उंडारलेली ही दोघं. पुढे मोठ्यांच्या भांडणात त्यांचं बोलणंही बंद पडलं होतं. बाजेवरून रामधनचे कान इकडेच होते. राजाचं नाव निघताच तो उठून जवळ आला.

"राजा मेला तो महिना, बरोबर हाय," तो म्हणाला. "माही आजी सांगे. तेंदूपत्त्याचे दिवस होते, भर उन्हाळा. धावजी झाला, अन् थावरा नायक गूळ आनाले पुसदले गेलते. तं बाजार बंद. काहून बंद, तं म्हने राजा मेला. गुळाबिगर परत आले. पोरगा झाला अन् तोंड गोड कराले गूळ नाई! आजी मरेपर्यंत त्या राजाले शिव्या देत होती."

ममतेला मोठा आनंद झाला. महिना जुळला, राजा जुळला, तारा जुळला. बापाच्या चेहऱ्यावर आलेली ऐट पाहून तर तिला फारच बरं वाटलं. आता फक्त काकीकडून देवसिंगाची तारीख काढायची, आणि ती धावजीच्या पुढची निघाली की झालं.

बसंतीबाई ओट्याच्या अगदी कडेला टेकली होती, घरात पाऊल टाकलं असं कोणी म्हणू नये म्हणून. ममता तिच्याजवळ जाऊन बसली.

"काकी, देवसिंग आजा झाला तवा काय काय होतं? राजा मेलता का?"

"कोनता राजा? राजाबिजा काई नाई. तारा होता."

"पहाटेचा?"

"पहाटेचा कायचा? दिवस बुडता. माही आजेसासू सांगे, दिवस मावळला का मावळतीच्या अंगाले दिसे. बाया हरभऱ्याचे घाटे सोलू राह्यल्या होत्या, त्याईनं आधी पाह्यला. शेकोटी होती बाजेखाली."

ममतेनं शेकोटी सोडून दिली. बाळंतिणीच्या बाजेखाली शेकोटी वैशाखातही असते. पण हिरवे घाटे? मे महिन्यात हिरवा हरभरा कुठून येणार? आणि पहाट नाही, संध्याकाळ? उगवत नाही, मावळत? की म्हातारीच्या आठवणीत सरमिसळ झाली? तिनं मोबाइल पुन्हा उघडला आणि वाचता वाचता तिचं बोट थांबलं.

त्याच वर्षी जानेवारीत आणखी एक तारा आला होता. कोणी वर्तवलेला नव्हता, वाट पाहिलेला नव्हता. आफ्रिकेतल्या खाणकामगारांनी पहाटे पहिल्यांदा पाहिला. मग तो सूर्याजवळून वळला आणि संध्याकाळी मावळतीला दिसू लागला, इतका ठळक की मे महिन्यातल्यापेक्षाही भारी. त्याच जानेवारीत तिकडे पॅरिस शहरात नदी घुसली होती आणि लोक रस्त्यांतून नावा चालवत होते. जगभरच्या म्हाताऱ्यांनी पुढे या दोन ताऱ्यांची गल्लत केली, असंही तिथं लिहिलं होतं. एका सालात दोन तारे! ममतेला एकदम टाळीच वाजवावीशी वाटली. आणि दुसऱ्याच क्षणी तिनं मोबाइल पालथा ठेवला, कारण बाजेवर बाप बसला होता आणि तो तिच्याकडेच बघत होता.

हरभरा म्हणजे काही पुरावा नव्हे, तिनं स्वतःला समजावलं. म्हाताऱ्या काहीही जोडतात. एवढ्यावर बापाच्या बोलण्यावर बोळा फिरवायचा?

तेवढ्यात आतून रामीबाईचा आवाज आला. ममतेची आई लापशीचं भगुनं ढवळत होती आणि वातावरण हलकं करायचा तिचा आपला प्रयत्न चालला होता.

"बादल, बाबू, तिथं लिंबाखाली झोपू नोको रे! देवसिंगाचे लोक तुमी. धुंडीच्या ढोलात बी झोपनारे!"

ही या घराण्यातली जुनीच थट्टा. वर्षभरात जन्मलेल्या मुलाची पहिल्या होळीला धुंड करतात. गेरिया, म्हणजे होळी खेळणारे तांड्यातले गडी, दारात येतात, बाळाच्या डोक्यावर काठी आडवी धरून तिच्यावर काठ्या बडवतात, गातात, ढोल पिटतात. धावजीनं आपल्या धुंडीत गेरियाचं धोतर धरून उभं राहून त्याची काठीच ओढली होती, आणि देवसिंग आपल्या धुंडीत ढाराढूर झोपला होता. तेव्हापासून धावजीचे लोक दांडगे आणि देवसिंगाचे झोपाळू, असं तांडाभर चालत आलं होतं. बाबाराव या थट्टेवर जितका चिडायचा तितका कशावरच चिडत नसे.

बसंतीबाईही नवऱ्याच्याच वळणावर गेली होती.

"झोपला तं काय गुन्हा केला?" ती ओट्यावरून कडाडली. "मान बी धरत नव्हता माहा सासरा! माह्या आजेसासूनं दोन हातावर असा तोलून धरलता. तेवढं लेकरू झोपनार नाई तं काय नाचनार?"

"मान धरत नव्हता?" ममतेनं विचारलं.

"नाई ना. मासाचा गोळा होता नुसता. होळीले दीड-दोन महिन्याचं लेकरू, अजून काय असंल!"

ममता मनातल्या मनात महिने मोजू लागली. मे महिन्यात जन्मलेलं मूल पुढच्या होळीला दहा महिन्यांचं होतं. धरून उभं राहतं, हाताला लागेल ते ओढतं. धावजी तसाच होता. पण मान न धरणारं मूल होळीला कडेवर आहे, म्हणजे ते थंडीत जन्मलेलं. जानेवारीतला तारा पाहून आलेला देवसिंग त्याच वर्षीच्या होळीला धुंडीत झोपला, आणि धावजी तेव्हा अजून आईच्या पोटात होता. होळ्या दोन, तांडे दोन, तारे दोन. शंभराहून जास्त वर्षं दोन्ही घरं या थट्टेवर हसली आणि भांडली, पण दोन्ही लेकरं एकमेकांशेजारी ठेवून कोणी पाहिलीच नाहीत. सगळ्यांनी तारा एकच धरला होता.

तिनं बापाला गोठ्यामागं नेलं. सांगावं की सांगू नये, हा विचार तिनं तिथपर्यंत चालताना केला, आणि तिथं पोचल्यावर सरळ सांगून टाकलं. तिला दुसरं काही जमतच नव्हतं.

रामधननं सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही. उलट त्याच्या डोळ्यांत ममतेला तिचीच ती खोड दिसली.

"दोन तारे? एकाच सालात?"

"हो, बा."

"दोन्हीले शेपटी?"

"दोन्हीले."

"अन् दुसऱ्याची कोनाले खबरच नव्हती?"

"नाई. अचानक आलता."

"वारे वा," तो म्हणाला, आणि गव्हाणीवर हात ठेवून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मंग बाबाराव खरा होता."

ममतेला गलबलून आलं. "बा, मी अजून कोनाले सांगितलं नाई. तुमी म्हनसान तं..."

"तं काय?"

आपण काय बोलायला निघालो होतो याची तिला लाज वाटली.

"बाप म्हनला, वचन दे. मी देल्लं," रामधन म्हणाला. "त्याले बी कोनी सांगितलंच तं होतं. त्यानं काय तारे मोजलते?" एवढं बोलून तो खांद्यावरचं उपरणं सारखं करत अंगणाकडे निघून गेला. आता हा काय करणार, हे ममतेला त्याच्या पाठीवरून काही ओळखता आलं नाही.

दुपार कलायला लागली तेव्हा रामीबाईनं चुलीतले निखारे अंगणात सारवलेल्या जागेवर ओतले. लापशीचं ताट आलं, तुपाची वाटी आली. बसंतीबाई ओट्यावरून उठली, पिशवी हातात घेतली आणि निखाऱ्यापासून चार हातांवर उभी राहिली. निघायच्या तयारीनंच. बादल खाली मान घालून मागं बसला. रामधन नेहमीच्या जागी, निखाऱ्यासमोर बसला होता. त्यानं ताट पुढं ओढलं.

मग तो सरकला. पाट सोडून बाजूला, मातीत बसला.

"बादल, इकडे बस."

"मी? काका, तुमी..."

"देवसिंग मोठा होता. ममतेनं पाह्यलं आज. तुही याडी खरी हाय, तुहा बाप बी खरा होता. बस."

बसंतीबाईच्या हातातली पिशवी खाली बसली. जिंकल्यावर काय बोलायचं ते तिनं ठरवलेलंच नसावं. उमरखेडपासून तिनं सगळी तयारी भांडायची केली होती.

बादल पाटावर बसला. ताटातला घास उचलला, आणि हात तसाच अधांतरी राहिला. त्याचे कान लाल झाले. त्यानं आईकडे पाहिलं, मग रामधनकडे.

"काका, मले नावं येत नाईत," तो म्हणाला. "बानं कधी घेतलीच नाईत तिकडे. निखाराच काढला नाई कधी. मले फक्त आजाचं येते."

ममतेनं काकीकडे पाहिलं, तर काकी दुसरीकडे बघत होती. पहिल्या मानासाठी हे घर फुटलं होतं, आणि ज्याला तो मान मिळाला त्याच्या तोंडी पूर्वजच नव्हते.

"येत नाईत तं येतील," रामधन म्हणाला. "मी म्हनतो, तू म्हन."

तो बादलच्या कानाशी वाकला आणि पुटपुटला. बादलनं मोठ्यानं म्हटलं. घास निखाऱ्यावर पडला, तूप चरचरलं. पुन्हा पुटपुटला, पुन्हा म्हटलं. थावरा नायकाच्या वरच्या एका नावाशी म्हातारा अडला, कपाळ चोळू लागला, तेव्हा मागून ममतेनंच ते नाव सांगितलं. लहानपणापासून ती मागंच बसून ऐकत आली होती. लेकीनं नाव उच्चारलं म्हणून कोणी डोळे वटारले नाहीत. रामधन नुसता म्हणाला, "हो, तेच," आणि पुढं गेला. थावरा झाला. मग देवसिंग. मग धावजी. धावजीचं नाव बादलच्या तोंडून आलं तेव्हा रामधननं डोळे मिटून घेतले, आणि क्षणभरानं उघडले.

आता एकच उरलं होतं. ते बादलला शिकवायची गरज नव्हती. पण बापाचं नाव निखाऱ्यापाशी घ्यायची त्याची ही पहिलीच वेळ होती. घास हातात, ओठ हलताहेत, आवाज नाही.

"आन इकडे," रामधन म्हणाला. "हे मी घेतो."

त्यानं बादलच्या हातातला घास आपल्या हातात घेतला. आणि तांड्याच्या पार टोकापर्यंत गेलेल्या माणसाला माघारी बोलवावं, तशी हाक मारली.

"बाबाराव!"

शेजारच्या अंगणातली माणसं उठून बघायला लागली. निखाऱ्यावर तूप पेटलं. बसंतीबाई येऊन त्याच्या शेजारी मातीत बसली, डोक्यावरची ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून घेत म्हणाली, "एवढ्या मोठ्यानं कायले ओरडता? ऐकू येते त्याले."